पहिली फ्लाय कोणती बांधावी : वूली बगर की क्लाउजर मिनो?

व्हाइस (हुक पकडून ठेवायचा छोटा शिकंजा) आणलाय, बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन) हातात बसलाय, हुकावर दोऱ्याचा थर देता येतोय. आता पहिली फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं-केस बांधून केलेलं माशाचं खोटं आमिष, कोणती, म्हटलं की बहुतेकदा ही दोनच नावं पुढं येतात. सांगलीत बसून मी दोन्ही बांधल्यात आणि दोन्हींवर कृष्णेत मासे लागलेत, त्यामुळं कुणाला वाईट म्हणवत नाही.

ऐकायला क्लाउजर सोपी आहे. धातूचे डोळे, केसांचे दोन पुंजके, मध्ये थोडे चमकीचे धागे, झालं. अमेरिकेतल्या बॉब क्लाउजर यांनी १९८० च्या दशकात स्मॉलमाउथ बास या तिकडच्या माशासाठी ती बेतली. डोळ्यांच्या वजनानं ती उलटी पोहते, हुकाचं टोक वर राहतं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथल्या दगडात आणि शेवाळात ती कमी अडकते, ही तिची खरी जमेची बाजू. बगर तिथं अडकते, हे मान्यच.

पण ते डोळे! आठच्या आकड्यासारखे वेढे घालून ते पक्के केले असं वाटतं, आणि पहिला पुंजका बांधायला दोरा ओढला की हुकाच्या दांडीभोवती फिरतात. सरळ करा, पुन्हा फिरतात. वरून बघाल तर फ्लाय ठीक दिसते, पाण्यात मात्र कुशीवर पोहते. उपाय आहे: डोळे आणि दांडीच्या मधून आडवे वेढे ओढून घ्यायचे आणि वर फेविक्विकचा थेंब. मग हलत नाहीत. पण गोंदानं काम भागलं की दोरा नेमका किती ओढायचा हे हाताला कळायचं राहून जातं, आणि नवख्यानं पहिल्यांदा शिकायचं ते तेवढंच. पहिली बगरच बांधावी, हा माझा निकाल इथंच लागला. दुसऱ्या कुणाचा हात मुळातच घट्ट असेल, त्याला हा त्रास जाणवणारही नाही कदाचित.

सामानाचंही बघा. बेसिनच्या बुचाच्या मणीसाखळीचे दोन-दोन मणी कापून डोळे होतात, पण ते हलके पडतात. बकटेल म्हणजे अमेरिकी हरणाच्या शेपटीचे केस, ते बाहेरूनच येतात. इथल्या चितळ-सांबराच्या केसांचा विचारही नको, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बोकडाचे लांब केस चालतात, पण जरा जाड पुंजका घेतला की फ्लायचं डोकं फुगतं.

बगरला शेपटीसाठी पिसांची मऊ लव, अंगाला चेनिल (मखमली जाड धागा) किंवा बारीक लोकर, आणि त्यावर शेपटीपासून पुढं गुंडाळत आणलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस. मान गावठी कोंबड्याचीच हवी. ब्रॉयलर इतक्या लवकर कापतात की त्याला लांब पीस आलेलंच नसतं. पिसं शाम्पूनं धुऊन, पुरती वाळवून, डांबरगोळीबरोबर डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते. गुंडाळताना पिसाची काडी तुटते, ही बगरची कटकट. पण तुटलं तर चार वेढे उलगडून दुसरं पीस लावता येतं, चूक कुठं झाली तेही समोर दिसतं. वरून पिसाच्या उलट दिशेनं तांब्याची बारीक तार फिरवली की माशाच्या दातानंही पीस लवकर सुटत नाही. ही तार शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडं चिमूटभर मिळते, पैसेही घेत नाहीत बहुधा.

फक्त हुकाच्या नेढ्यामागं जागा मोकळी सोडा, नाहीतर शेवटची गाठ मारायला दोरा बसतच नाही.

चिलापीसाठी आठ किंवा दहा नंबरचा हुक पुरे, मोठ्या माशासाठी चार (आकडा लहान तसा हुक मोठा). मरळीच्या मागं असाल आणि जागा दगडाची असेल, तर क्लाउजर शिकावी लागेलच. पण ती दहा-बारा बगर बांधून झाल्यावर घेतली, तर डोळे फिरायचं प्रमाण बरंच कमी होतं, असं मला तरी वाटतं.