हिरवा पट्टा दाखवून मेलेली बॅटरी परत दिली

यंदा पावसाळ्यात आमच्या गावचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला. नवीन डीपी बसेपर्यंत इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी पार उतरली आणि तशीच पडून राहिली. लाईट आली तरी इन्व्हर्टर तिला चार्जिंगला घेईना. मानवतच्या एका मेकॅनिकनं मीटर लावला, ९ व्होल्ट दाखवले. म्हणाला, "दादा, उद्या घेऊन जा. अठराशे द्या, सहा महिने गॅरंटी."

दुसऱ्या दिवशी मीटरवर १२.७. शिवाय हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडचा दाटपणा दाखवणारी नळी, सहाही सेलमध्ये (कप्प्यांत) बुडवून दाखवला, सगळीकडे हिरवा पट्टा, म्हणजे फुल चार्ज. आता कोण शंका घेणार?

घरी एक पंखा अन् दोन बल्ब लावले, तर अर्ध्या तासात इन्व्हर्टर ओरडायला लागला. चार्जिंगला लावली तर पाच सेल खळखळ उकळताहेत आणि तिसरा गप्प. डब्याला हात लावावा तर चटका, खोलीत सडक्या अंड्याचा वास. शेजारचे काका क्लिप ओढायला धावले, त्यांना आधी अडवलं. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. हवेत ४ टक्के साचला तरी क्लिपची एक ठिणगी पुरते. भिंतीवरचं बटण बंद, इन्व्हर्टर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बऱ्याच वेळानं क्लिप.

परभणीच्या जुन्या बॅटरीवाल्या मामांनी बुच काढून ग्रॅव्हिटी (तोच ॲसिडचा दाटपणा) बघितली अन् हसले. "ह्याच्यात करंट कमी न् ॲसिड जास्त हाय."

बॅटरी उतरते तेव्हा ॲसिड प्लेटांत सल्फेट होऊन बसतं, म्हणून ग्रॅव्हिटी घसरते. सावकाश चार्ज केली की तेच ॲसिड परत पाण्यात येतं. या पठ्ठ्यानं वरून ताजं ॲसिड ओतलं, म्हणून पट्टा हिरवा दिसला; मग बूस्टरवर (जोरात चार्ज करणाऱ्या चार्जरवर) झटका दिला आणि चार्जर काढल्या काढल्या मीटर लावला. तेव्हा व्होल्ट फुगलेलेच दिसतात. शिवाय इतक्या उतरलेल्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी शिशाचे बारीक काटे सेपरेटरमधून (प्लेटांमधल्या पडद्यातून) आरपार जाऊन सेल शॉर्ट होतो. मग चार्जिंगचे सहा सेलचे व्होल्ट पाचांवरच येतात, म्हणून ते उकळत होते. मामांच्या म्हणण्यानं १५० एएचला एरवी १५ अँपिअर चालतात, पण अशा बॅटरीला सुरुवातीला ५-७ च, उघड्यावर, आणि दिवसापेक्षा जास्त वेळ. डबा तापला की थांबायचं.

दुरुस्तीला दिलीत तर फक्त डिस्टिल वॉटर घालायला सांगा. रात्रभर चार्जर काढून ठेवायला लावा, सकाळी लोड टाकून व्होल्ट बघा, मगच पैसे.

गॅरंटीचं विचारलं तर मेकॅनिक म्हणाला, "सल्फेट झालेल्याला गॅरंटी नसते, भंगारात दीड हजार देतो." डीलरनं नवीन घेताना त्याच बॅटरीचे वजनावर चार हजारांच्या वर धरले. काटा मी स्वतः बघितला.