‘नव्वद टक्के स्कॉलरशिप’ आणि चार वर्षांचं पॅकेज: आठवीच्या हुशार मुलांचे पालक कुठे फसतात

आठवीत वर्गात पहिला-दुसरा येणाऱ्या मुलाच्या घरी साधारण दिवाळीनंतर एखाद्या कोचिंग क्लासचा फोन येतो. “अभिनंदन! आमच्या टॅलेंट टेस्टमध्ये तुमच्या मुलाला राज्यात २१४ वी रँक मिळालीये, नव्वद टक्के स्कॉलरशिप मंजूर झालीये. सीट फक्त रविवारपर्यंत होल्ड करता येईल.” टेस्ट शाळेतच झालेली असते, फॉर्म फुकट किंवा नाममात्र. त्या फॉर्मवर पालकांचा मोबाइल नंबर आणि वडिलांचा व्यवसाय लिहून घेतलेला असतो, आणि टेस्ट घेतलेली असते ती बहुतेकदा या दोन रकान्यांसाठीच.

या फोनवर तीनच गोष्टी मागाव्यात: किती मुलं बसली होती, उत्तरसूची कुठे आहे, मुलाच्या ओएमआरची (गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत मिळेल का. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा झाली की अंतरिम उत्तरसूची जाहीर होते, त्यावर आक्षेपसुद्धा घेता येतात. ज्या टेस्टची यातली एकही गोष्ट मिळत नाही, तिची रँक फक्त फोन करण्यापुरती असते.

मग क्लासची केबिन. काउन्सेलर मुलाशी आधी बोलतो, पालकांशी नंतर. “आयआयटी की एम्स?” असं विचारतो, भिंतीवरचे फोटो दाखवतो. मूल खुलतं, आईच्या डोळ्यांत पाणी येतं. पैशांचा कागद त्यानंतर समोर येतो, आणि मुलासमोर “विचार करून सांगतो” म्हणायची आई-वडिलांना लाज वाटते. म्हणून एक नियम करा: पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नका, आणि त्या दिवशी एकही रुपया भरू नका. टोकन म्हणून मागितलेले पाच हजारसुद्धा नाहीत. ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द त्याच पावतीवर असतो.

आता त्या नव्वद टक्क्यांचं गणित. आकडे उदाहरणाचे आहेत, पण रचना हीच असते. चार वर्षांची एकूण फी ४,००,००० रुपये. तिची फोड अशी: ट्यूशन १,५०,०००, प्रवेश शुल्क ४०,०००, स्टडी मटेरियल ९०,०००, टेस्ट सिरीज ७०,०००, टेक्नॉलॉजी फी ५०,०००. स्कॉलरशिप लागू होते ती फक्त ट्यूशनवर, म्हणजे १,३५,००० सुटतात. राहिले २,६५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४७,७००. भरायचे ३,१२,७००. नव्वद टक्के सवलतीचं पत्र हातात घेऊन पालक घरी येतात तेव्हा प्रत्यक्षात एक-तृतीयांशच सूट मिळालेली असते. ती तरी खरी का? त्याच शाखेतल्या चार-पाच पालकांना एकूण किती भरले ते विचारा. टेस्टमध्ये काठावर आलेल्या मुलालाही जवळपास तेवढ्यातच प्रवेश मिळालेला दिसला, तर सूट कोणत्या फीवरची होती ते कळतं.

यापुढची पायरी सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. काउन्सेलर म्हणतो, “एकदम नका भरू, चोवीस हप्ते करून देतो, नो-कॉस्ट.” आधार, पॅन, बँकेचा तपशील, टॅबसमोर एक सेल्फी, दोन-तीन ओटीपी. पाच मिनिटांत सगळं झालं. पालकांना वाटतं, क्लासची फी हप्त्याने भरायचं ठरलं. खरं तर त्या पाच मिनिटांत एका वित्तसंस्थेकडून वडिलांच्या नावावर कर्ज निघालेलं असतं. ती संस्था क्लासला सगळी रक्कम आगाऊ देऊन टाकते आणि दरमहा सुमारे १३,०३० रुपये ई-मँडेटने, म्हणजे तुम्ही ओटीपीने दिलेल्या ऑनलाइन परवानगीने, तुमच्या खात्यातून काढते. मुलाने पाचव्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्जाचा करार तुमचा आणि त्या वित्तसंस्थेचा. आणि चोवीस हप्ते संपतात तेव्हा अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी निम्मंच शिकवून झालेलं असतं. क्लासला तुमची गरज त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते.

ओटीपी सांगण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ते देणं बंधनकारक आहे. त्यात कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, वार्षिक दर, एकूण परतफेड, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि कूलिंग-ऑफचा काळ असतो. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्ज रद्द करता येतं. हा काळ एक-दोन दिवसांचाही असू शकतो, म्हणून सही झाली त्याच रात्री ते पान उघडून वाचा. ओटीपी काउन्सेलरला वाचून दाखवू नका. मेसेजमध्ये वर काय लिहिलंय ते आधी स्वतः वाचा: ‘लोन ॲग्रीमेंट’ हे शब्द बहुतेक वेळा तिथेच असतात.

वर्ग सुरू झाल्यावर काय बिघडतं? डेमोला आलेले सर दुसऱ्या शहरातल्या शाखेचे निघतात. ‘स्टार बॅच’ दर दोन-तीन महिन्यांनी टेस्टवरून बदलते, आणि जी मुलं खाली येतात त्यांना शिकवायला नवखे शिक्षक. आठवीतल्या मुलाला पुढच्या वर्गांतल्या फिजिक्सची सूत्रं पाठ करायला लावतात, कारण घरी ते दाखवायला छान दिसतं. ज्याला अजून समीकरणात चल एका बाजूला आणताना अडखळायला होतं, त्याला गतीची तीन समीकरणं पाठ असून काय उपयोग? ही मुलं दहावीला पोचेपर्यंत कंटाळून गेलेली असतात, आणि जी चिकाटी खरी लागणार असते ती चिकाटीच मोडलेली असते. हे नुकसान पैशांहून मोठं आहे आणि ते कुठलाही ग्राहक आयोग भरून देत नाही.

माहितीपत्रक घरी आणून शांतपणे वाचलं तर बऱ्याच गोष्टी तिथेच उघड्या पडतात. ‘एनटीएसई, केव्हीपीवायची तयारी’ असं लिहिलंय का? या दोन्ही राष्ट्रीय पातळीवरच्या शिष्यवृत्ती परीक्षा. एनटीएसई २०२१ पासून थांबलेली आहे आणि केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद झाली. बंद परीक्षांची तयारी विकणाऱ्याने ते पान कितीतरी वर्षं उघडूनही पाहिलेलं नाही. ‘सिलेक्शन्स ३१२’ म्हणजे नेमकं काय, हेही विचारा. जेईई मेनमधून ॲडव्हान्स्डसाठी सुमारे अडीच लाख मुलं पात्र ठरतात, आयआयटीच्या जागा मात्र अठरा हजारांच्या आसपास. नीटला २०२५ मध्ये १२ लाखांहून अधिक मुलं पात्र ठरली, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात. ‘क्वालिफाय’ झालेल्यांना ‘सिलेक्शन’मध्ये मोजलं की आकडा हवा तेवढा फुगतो. फोटोतला टॉपर चार वर्षं तिथे होता की फक्त शेवटच्या टेस्ट सिरीजला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीत टॉपरने कोणता कोर्स केला, किती काळ केला आणि तो पैसे भरून केला का, हे द्यावंच लागतं. निकालानंतर त्याची लेखी संमतीही घ्यावी लागते.

मूल खरंच वेगळं आहे का, हे ओळखायला एक रविवार पुरतो. आयओक्यूएमचा जुना पेपर काढा: गणित ऑलिंपियाडची ही पहिली पायरी, आठवीपासून देता येते. तीस प्रश्न, तीन तास, दहा प्रश्न दोन गुणांचे, दहा तीन गुणांचे, दहा पाच गुणांचे. गुण किती पडले ते सोडून द्या. न सुटणाऱ्या एका प्रश्नाशी मूल वीस मिनिटं झटतं का, कागदावर चित्र काढतं का, लहान आकडे घेऊन करून बघतं का, ते पाहा. ज्या मुलात हे दिसेल त्याला आठवी-नववीत चांगला गणिताचा शिक्षक आणि मोकळा वेळ लागतो. पाया म्हणून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा पुरेशी आहे. उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा कमी असेल आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, ज्यात नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

आधीच अडकला असाल तर क्रम महत्त्वाचा आहे. क्लास सोडायचा ठरला त्याच दिवशी क्लासला ईमेल करा: मुलाचं नाव, बॅच, शेवटचा हजर दिवस, भरलेली रक्कम आणि परतीची मागणी. “सर येतील तेव्हा बोलू” यावर महिना घालवू नका, कारण हिशोब सोडल्याच्या तारखेपासून होतो. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी प्रमाणात, दहा दिवसांत परत द्यावी. दहावीची परीक्षा होण्याआधी किंवा सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेशच देऊ नये, हेही त्यांत आहे. हा कायदा नव्हे, पण तक्रारीत उद्धृत करायला भक्कम आधार आहे. वरच्या उदाहरणात पाच महिन्यांनी सोडलं तर ४८ पैकी ४३ महिन्यांचे सुमारे २,८०,००० मागायचे. क्लास मटेरियलचे पैसे कापेल, तेव्हा मिळालेली पुस्तकं मोजून यादी करा, न उघडलेली परत करा. टॅब परत करताना सिरीयल नंबर लिहिलेली पोच घ्या.

हप्ता नुसता थांबवू नका. बाउन्सचा दंड लागतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडतं. वित्तसंस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, सेवा बंद झाल्याचा ईमेल जोडा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी नंबर १४४४८.

क्लासविरुद्ध आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेच क्लास इथेच रक्कम द्यायला तयार होतात, आणि मग ‘फुल अँड फायनल’चा कागद पुढे करतात. पैसे खात्यात आल्याशिवाय त्यावर सही करू नका. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत, असं क्लासचा वकील म्हणेल. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्येच कोचिंग क्लासना त्या सवलतीतून वगळलं आहे, ते त्याला तिथेच दाखवा. सोबत जोडायचे कागद: फीची फोड असलेली पावती, कर्जाचा करार, सोडल्याचा ईमेल, ॲपमधली हजेरी आणि त्या पहिल्या फोननंतर व्हॉट्सॲपवर आलेलं ‘नव्वद टक्के’वालं पत्र.