गव्हाला जिवाणू खत आणि युरिया सोबत: पेरणी ते मळणी वापरून झाल्यावर

मळणी झाली, आता लिहायला हरकत नाही. गव्हाच्या बियाण्याला ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम (हे दोन्ही नत्र स्थिर करणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही द्रवरूप संवर्धनं चोळली होती. रासायनिक खत बंद केलं नाही. स्फुरद-पालाश पूर्ण, नत्र मात्र शिफारशीपेक्षा पाव हिश्शानं कमी. तुलनेसाठी दोन पट्टे वेगळे ठेवले: एकात नुसतं पूर्ण खत, दुसऱ्यात कमी नत्र आणि जिवाणू नाहीत. हा दुसरा पट्टा फार महत्त्वाचा. युरिया थोडा कमी केला तरी पीक कधी कधी जमिनीतल्या शिलकी नत्रावर तगतं, आणि श्रेय जिवाणूंची बाटली घेऊन जाते.

सुरुवातीला वरून काहीच फरक नव्हता, पानांचा रंग तिन्हीकडे सारखा. फुटव्यांच्या सुमारास वाफशावर थोडी रोपं खुरप्यानं अलगद काढून बादलीत धुतली, तेव्हा कळलं. जिवाणूवाल्या मुळांना माती इतकी धरून होती की पाणी बदलून धुवावी लागली, आणि खाली बारीक पांढऱ्या तंतुमुळांचं दाट जाळं. बिनजिवाणूची मुळं पहिल्याच बुडीत स्वच्छ.

ॲझोस्पिरिलम हवेतलं नत्र स्थिर करतो हे खरं, पण धान्यपिकात त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे. तो ऑक्झिनसारखी संप्रेरकं सोडतो, त्यानं उपमुळं आणि मूलरोम वाढतात. मुळांचा पसारा वाढला की युरिया वाहून किंवा उडून जायच्या आत पिकाला सापडतो. जगभरात धान्यपिकांना घातलेल्या नत्रापैकी जेमतेम ३३ टक्के दाण्यात उतरतं, असा १९९९ सालचा अंदाज आहे. म्हणजे वाचवायला वाव भरपूर. उलट मातीत अमोनियम मुबलक असलं की नत्र स्थिर करण्याचं काम हे जिवाणू थांबवतात. त्यामुळे युरिया एकदम न ओतता हप्त्यांनी दिला. डाळवर्गीय पिकांच्या गाठींत रायझोबियम जेवढं नत्र देतो, तेवढ्याची आशा इथे धरू नये.

पीएसबी आम्लं सोडून कॅल्शियमनं जखडलेला स्फुरद मोकळा करते. जमिनीत स्फुरदच नसेल तर ती मोकळं काय करणार? म्हणून डीएपी या स्फुरदाच्या खतात कपात केली नाही.

उतारा? कमी नत्र अधिक जिवाणू हा पट्टा पूर्ण खताच्या बरोबरीनं उतरला. कमी नत्राचा बिनजिवाणूचा मागे पडला, ओंब्याही आखूड. पण शेताच्या खारवट कोपऱ्यात तिन्ही पट्टे सारखेच रडके होते. तिथे जिवाणूंनी काही केलं नाही.

तक्रार बाटलीबद्दल आहे. एक बाटली दुकानात उन्हाच्या फळीवर ठेवलेली, वापराची मुदत पुसट. ती परत केली. दुसरीवर ‘युरियाची गरज नाही’ असं ठळक छापलेलं, असल्या दाव्याचा मला रागच येतो. बियाण्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. हा क्रम बाटलीवर कुठेच नव्हता, आणि खरी गरज त्याचीच होती. चोळलेलं बी खतात मिसळूनही पेरू नका, खताच्या क्षारांनी जिवाणू मरतात.

पुढे मक्याला हेच लावणार. नत्राची कपात पावच, निम्म्यावर जाणार नाही. खारवट कोपरा मात्र या खेपेला बिनजिवाणूचा.