कॉर्कची योगा मॅट, ४ स्टार
कोथरूडच्या एका दुकानातून घेतली, दोन महिने झाले वापरतेय. रबरी मॅटवर घाम आला की हात सटकायचे, ही उलट जरा ओली झाली की जास्त पकडते, भारीच. दुकानदार म्हणे आपल्या बुचाच्या झाडाची आहे, म्हटलं काका, त्याची फुलं वेचून वेण्या केल्यात आम्ही लहानपणी, त्याचं बूच हलक्या प्रतीचं, हा कॉर्क पोर्तुगालकडच्या ओकचा, झाड न तोडता ९-९ वर्षांनी साल सोलतात. गप्पच बसले बिचारे! एक स्टार कापला कारण कडेचे तुकडे निघायला लागलेत, गुंडाळताना कॉर्कची बाजू बाहेर ठेवा. आणि घरात मांजर असेल तर विसराच.