दोन पायऱ्यांचं प्लास्टिकचं स्टूल: नातीसाठी घेतलं, आठ महिने वापरलं

जानेवारीत नागपुरातल्या सीताबर्डीच्या मेन रोडवरून हे स्टूल आणलं. ५५० सांगितले, ४८० ला दिलं. खालची पायरी अर्धी वीत, वरची एक वीत. रंग पोपटी, नातीला तोच पाहिजे होता.

मी ३१ वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होते. सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई, या हात धुण्याच्या सहा पायऱ्या, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सुमनके’ (SUMANK), ते मी किती अंगणवाड्यांमध्ये करून दाखवलं असेल त्याची गणती नाही. आणि मानेवाड्यातल्या आमच्याच घरी चार वर्षांची नात हात नुसते ओले करून ताटावर बसायची. सूनबाई रागवायची, मीही रागवायची. एक दिवस तिच्या मागोमाग गेले. पोरगी बेसिनच्या काठावर पोट टेकवून लोंबकळत होती. पाय अधांतरी, एका हाताने काठ घट्ट धरलेला आणि दुसऱ्या हाताची बोटं कशीबशी धारेखाली. साबण तर आरशाखालच्या फळीवर, तिच्या हाताच्या टप्प्यातच नाही. हातावर हात चोळायचा तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत ना! बेसिन ३२ इंचावर, पोर ३९ इंचाची. इतके महिने आम्ही तिला बोललो, त्यात तिची काहीच चूक नव्हती. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी बर्डीला गेले.

स्टूल आल्यावर पहिल्या आठवड्यातच फरक दिसला. ती आपली आपण चढते, साबण घेते, नळ बंद करून एक ते वीस मोठ्याने म्हणत हात चोळते, मग नळ सुरू करते. वीस सेकंद चोळणं महत्त्वाचं. फेस कितीही आला तरी चोळल्याशिवाय चिकट मळ निघत नाही. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात, म्हणून तेवढं मी अजून बघते. रविवारी त्याच स्टूलवर बसवून नखं काढते. जंताची अंडी नखांखालूनही पोटात जातात. अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती द्यायचीच, पण नखांत माती तशीच राहिली तर जंत पुन्हा होतात.

दातांचंही तसंच. आता आरशात तिला स्वतःचं तोंड दिसतं. मी मागे उभी राहते, हनुवटी धरते, आधी ती घासते, मग मी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत, मोठ्यांनी हात फिरवलाच पाहिजे. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, बस. जाहिरातीत ब्रशभर पसरतात, तेवढी या वयाला नको, मुलं गिळतात.

ज्या उपयोगाचा मी विचारही केला नव्हता, तो संडासात झाला. कमोडवर तिचे पाय लोंबकळायचे, त्यामुळे जोर करता यायचा नाही, मग ती शी दाबून धरायची आणि दोन-दोन दिवस खडा धरायचा. स्टूल पायाखाली दिलं, गुडघे वर आले आणि पंधरा दिवसांत रडणं थांबलं. पाणी आणि फळं वाढवली तेही आहेच, पण पायाला आधार मिळाला हे मोठं. धुवायचं पुढून मागे, हेही तिला तिथेच शिकवलं. मुलींना हे लहानपणीच हातवळणी पडलं पाहिजे, नाहीतर लघवीची जळजळ मागे लागते.

आता दोष. तळाचे चारही रबर दीड महिन्यात निघाले. ओल्या टाइल्सवर स्टूल सरकलं, पोर पडली, हनुवटीला खरचटलं. दुकानदाराने “काकू, पन्नास किलोची गॅरंटी आहे” म्हणून सांगितलं होतं. वजन पेलतं हो, पण घसरतं त्याचं काय? त्याने बदलूनही दिलं नाही. मग मेडिकलमधून म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबरी बूट आणून बसवले, तेव्हापासून जागचं हलत नाही. दुसरं म्हणजे वरच्या खाचांमध्ये साबण साचून काळं धरतं. दर आठवड्याला जुन्या ब्रशने घासावं लागतं. संडासातलं स्टूल बेसिनपाशी आणणं मला पटेना, म्हणून मार्चमध्ये दुसरं घेतलं. त्याचे रबर स्क्रूने बसवलेले होते, ते अजून शाबूत आहेत.

मे महिन्यात मात्र स्टूल असूनही गाडी अडली. आपल्याकडे ४५ अंशांत गच्चीवरची टाकी तापते आणि संध्याकाळी पाचला नळाला उकळतं पाणी येतं. खेळून आलेल्या पोरीला एकदा चटका बसला. “आजी, मी नाही जात तिथं,” म्हणून तिने चार दिवस नळाला हात लावला नाही. मग सकाळीच झाकणाची बादली भरून ठेवायला लागले, मगाने पाणी मीच ओतायची. साबण असला की गार पाण्यानेही हात तेवढेच स्वच्छ होतात.

तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) ती लाकडी बैल घेऊन गल्लीभर फिरली. घरोघरी मिळालेला बोजारा हातात घेऊन आली, चिवडा आणि दहाची नोट. मी स्वयंपाकघरात होते, कोणी काही म्हटलं नव्हतं. बाहेरून स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि मग “एक, दोन, तीन...” बैलही बेसिनवर ठेवला होता, त्याचे पाय धुवायला.

घेणार असाल तर दुकानातच उलटं करून बघा. रबर नुसते चिकटवलेले असतील तर राहू द्या. वरची पायरी दोन्ही पाय मावतील एवढी रुंद पाहिजे, आणि घरून निघताना बेसिनची उंची मोजून घ्या.