रात्री दिसण्याचा ‘आहार’ विकून १४,०४९ रुपये नेले. ड्रायव्हर भावांनो, वाचा

रात्री समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की ज्याला रस्ता दिसेनासा होतो, त्याने हे वाचावंच. याच त्रासावर मला लुटलंय आणि लुटणारे अजून हायवेवर फिरताहेत.

मी चोपडा भागातून केळीची पिकअप चालवतो. धुळ्याच्या अलीकडे एका धाब्यावर त्यांचा मंडप होता. ड्रायव्हरांसाठी मोफत नेत्रतपासणी, पांढरा कोट, टेबलावर मशीन. भर दुपारी डोळ्यांत टॉर्च मारून तो म्हणाला, “भाऊ, तुमना डोया चांगला शेतस, पोषण कमी पडी ऱ्हायनं.” मग गाजर, शेवगा, पालक यांच्या अर्काची पावडर काढली. तीन महिन्यांचा कोर्स, ४,८५० रुपये. ब्रिटिश वैमानिक गाजर खाऊन रात्री विमानं पाडायचे, हेही ऐकवलं. खरं म्हणजे त्या वैमानिकांकडे रडार होतं आणि गाजराची गोष्ट हा युद्धकाळातला प्रचार होता.

डब्यावर बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. तो म्हणाला, “जीएसटीसाठी लिहावं लागतं.” ही ओळ आठवली की अजून डोकं तापतं. डबाच सांगतोय की हे औषध नाही, आणि हा औषध म्हणून हातात देतोय! वर क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, कुणा बाईचं नाव. स्कॅन केल्यावर भलतंच नाव आलं तर पिन टाकू नका. तिथूनच उठा.

माझी बाजूही ऐका. मी बारावी शिकलेलो आहे, ओटीपी कुणाला देत नाही. पण माणूस समोर बसलेला, आपली अहिराणी बोलणारा, डब्यावर फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर. कोण संशय घेईल? तो नंबर म्हणजे खाद्यपदार्थ विकायचा परवाना. डोळे सुधारतील याची ती हमी नव्हे, हे कुणी सांगतं का आपल्याला?

फरक पडेना म्हणून फोन केला, तर ‘स्ट्राँग कोर्स’ ७,२०० रुपयांचा. पैसे परत मागितले, तर परताव्याची फी म्हणून आणखी १,९९९ घेतले आणि नंबर बंद. पैशांपेक्षा मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. कोर्स संपेपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं नाही, चष्म्याने नजर कमजोर होते, असं त्यांनी बजावलं होतं. त्या भरवशावर मी रात्रीचा कन्नड घाट चढत-उतरत राहिलो. शेवटी घरच्यांनी ओढून नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लाइटभोवती वलयं दिसत होती ती त्यामुळेच. मोतीबिंदू कुठल्याही पाल्याने जात नाही, ऑपरेशन करावं लागतं, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट होतं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणा येतो, कारण अंधारात पाहायला लागणारं ऱ्होडॉप्सिन डोळ्याचा पडदा त्यापासूनच बनवतो. ती कमतरता असली तरच अशा खाण्याने रात्रीची नजर सुधारते. त्यासाठी डबा कशाला? शेवग्याचा पाला, मेथी, पालक शेंगदाण्याच्या तेलात परता, कारण तेलाशिवाय ते नीट अंगी लागत नाही. अंडं खा, शहाद्याकडची पपई खा. कमतरता नसेल तर कितीही खाल्लं तरी घुबडासारखं दिसणार नाही. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नका, जास्त झालं की यकृताला बाधतं. बिडी-सिगारेटवाल्यांनी बीटा कॅरोटीनच्या (गाजरातलं द्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) गोळ्यांपासून लांबच राहावं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात (१९९४) या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरकडे जा. तिथे म्हणाले, तुम्ही राजीखुशीने खरेदी केलीय, हा ग्राहकाचा विषय. अन्नाच्या कार्यालयात म्हणे डबा फोडलेला आहे, नमुना चालणार नाही. अरे, पावडर खाल्ल्याशिवाय खोटी आहे हे कळणार कसं? दुसऱ्या टेबलावर ‘हे औषधवाल्यांचं’, औषधवाल्यांकडे ‘हे अन्नवाल्यांचं’. १९५४ सालचा कायदा आहे, अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. मी त्याचं नाव घेतलं तर साहेब म्हणाले, “जाहिरातीचा कागद आणा.” मंडपाचा फलक मी घरी आणायचा होता का? तुमची माणसं त्याच हायवेने रोज जातात! माझा अर्ज कुठल्या फाइलीत आहे हे आज कुणी सांगत नाही. दिवस बुडाले, भाडी बुडाली, पोच म्हणून साधा शिक्काही नाही.

म्हणून सांगतो, फलकाचा, माणसाचा, गाडीच्या नंबरचा फोटो आधीच काढून ठेवा. पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. चाळिशी उलटलीय, शुगर आहे, त्यांनी डोळ्यांत औषध टाकून पडदा तपासून घ्या. आणि त्या पावडरचा न फोडलेला डबा कुणाकडे असेल तर तो तसाच ठेवा, फेकू नका. नमुना म्हणून तोच लागणार आहे. मी सोबत यायला तयार आहे.