टास्क ॲप : जून ते मार्चचा माझा अनुभव

मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर गोव्यात वाळपईजवळच्या गावात, कॉलेज म्हापशाला. साखळी, डिचोली करत जाऊन-येऊन रोजचे तीन तास बसमध्ये जातात आणि वाटेत काही ठिकाणी रेंज मिळतच नाही. हे आधी सांगते, कारण कामांची यादी ठेवून आठवण करून देणारं कुठलं ॲप उपयोगाचं ते माझ्यापुरतं या तीन तासांनीच ठरवलं.

जूनमध्ये सेमिस्टर सुरू झालं तेव्हा मला वाटायचं, जास्त सोयी म्हणजे चांगलं ॲप. पण माझी खरी अडचण वेगळी होती. कामं चहूबाजूंनी येतात : असाइनमेंट गूगल क्लासरूमवर, नोटीस वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि सर्वांत महत्त्वाच्या तारखा लॅबमधून बाहेर पडताना सर तोंडी सांगतात. ती तारीख त्याच क्षणी, उभ्याउभ्या टिपता आली पाहिजे.

पहिली दोन ॲप थोडक्यात सांगते. नोशन विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ईमेलवर प्लस प्लॅन फुकट देतं. नोट्स ठेवायला ते उत्तम आहे आणि अजूनही मी त्यासाठी वापरते. पण कामांची यादी त्यात ठेवायची तर आधी पानं, रकाने, रंग मांडत बसावं लागतं, आणि मला त्या मांडणीचीच गोडी लागली. टुडुइस्टमध्ये इंग्रजीत 'एव्हरी फ्रायडे' लिहिलं की दर शुक्रवारची तारीख आपोआप लागते. मराठीत 'दर शुक्रवारी' लिहिलं तर ते नुसतं काम म्हणून राहतं. मी मराठीत लिहिते. शिवाय फुकट प्लॅनमध्ये पाचच प्रोजेक्ट मिळतात आणि माझे विषयच सहा.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी केमिस्ट्रीच्या जर्नलवर सह्या घ्यायच्या होत्या. त्या वेळी जे ॲप वापरत होते त्यात आदल्या संध्याकाळी सातची आठवण लावली होती. घरी आम्ही नेवऱ्या (करंज्या) करायला बसलो होतो, हात पिठाचे, फोन फळीवर. सात वाजून गेले, आठ वाजले, फोन वाजलाच नाही. सकाळी बसमध्ये ॲप उघडलं आणि एकापाठोपाठ एक तीन आठवणी एकदम आल्या. दोन प्रयोगांचे आलेख काढायचे राहिले होते. सही मिळाली ती सुट्टीनंतर, उशिराचा शेरा लागून.

दोष फोनच्या बॅटरी सेव्हरचा होता. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यामागे चालणारी ॲप बॅटरी वाचवण्यासाठी झोपवली जातात आणि आठवणीही त्यांच्याबरोबर झोपतात. म्हणून कुठलंही ॲप घेतलंत तरी फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढा, नोटिफिकेशनची परवानगी तपासा आणि पाच मिनिटांनंतरची एक आठवण लावून, फोनची फक्त स्क्रीन बंद करून तो बाजूला ठेवा. वाजली तरच पुढे जा. ही गोष्ट मला कुणी जूनमध्ये सांगायला हवी होती.

सप्टेंबरपासून मी मायक्रोसॉफ्ट टू डू वापरते आहे. हे वंडरलिस्ट या जुन्या टास्क ॲपच्या जागी आलेलं ॲप. वंडरलिस्ट बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये घेतली आणि मे २०२०मध्ये वंडरलिस्ट बंद केलं. टू डूला पैसे भरायचा प्लॅनच नाही, त्यामुळे पुढे काही कुलूपबंद होईल ही भीती नाही. रेंज नसताना लिहिलेलं काम फोनवर राहतं आणि रेंज आली की वर चढतं. बसने साखळी सोडल्यावर एका हाताने दांडी धरून दुसऱ्या अंगठ्याने 'जर्नल, प्रयोग ७' एवढं लिहायला दहा सेकंदं पुरतात. नंतर बसायला जागा मिळाली की त्याच कामाखाली पायऱ्या घालते : निरीक्षणं, आलेख, निष्कर्ष, सही.

त्यातला 'माय डे' हा भाग मला मनापासून आवडतो. रोज रात्री बारा वाजता ती यादी रिकामी होते. राहिलेली कामं पुसली जात नाहीत, आपापल्या यादीत असतात. सकाळी बसमध्ये मी त्यातून चार निवडते. फक्त चार. आयएसएच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षांच्या, आठवड्यात एकूण यादीत तीसेक कामं होती, ती बघूनच छातीत धडधडायचं. पण समोर चारच दिसली की मी खरंच अभ्यासाला बसायचे. हा फरक नऊ महिन्यांतला सर्वांत मोठा.

उणीव आहे ती गटाच्या कामात. यादी दुसऱ्याला देता येते, पण कामाखाली बोलता येत नाही. आमच्या चौघांच्या प्रोजेक्टसाठी आम्ही ट्रेलो घेतलं. करायचं, चालू, झालं असे तीन रकाने. पेडण्याच्या मैत्रिणीने रात्री अकराला 'पाण्याचे नमुने' हे कार्ड 'झालं'मध्ये सरकवलं, तेव्हा ग्रुपवर 'कुठवर आलं गो?' विचारायची वेळच आली नाही. चौघांना फुकट प्लॅन भरपूर होतो.

एक काम मात्र आठवणीने करा : परीक्षेच्या तारखा ॲपबाहेर, वहीच्या शेवटच्या पानावरही लिहून ठेवा. वंडरलिस्टसुद्धा लाखो लोक वापरत होते.

माझा मावसभाऊ बारावीला आहे. त्याने माझं ॲप मागितलं, पण मी त्याला गूगल टास्क्स लावून दिलं. त्याचं सगळं काम क्लासरूमवर येतं, त्याच्या तारखा गूगल कॅलेंडरमध्ये दिसतात आणि टास्क्सही तिथेच शेजारी बसतात. एकच यादी आहे, तिचं नाव त्याने 'शाळा' ठेवलंय. फोनची बॅटरीची सेटिंग मी स्वतः बदलून, आठवण वाजवून मगच फोन परत दिला.